यावर कुणी गेलंय का?

"यावर कुणी गेलंय का हो?"

हा प्रश्न विचारला नाही असं गिऱ्हाईक तात्यारावांना क्वचितच भेटलं. गिऱ्हाईक म्हणायचं आपलं. तिथे विकत काहीच मिळत नव्हतं. कसबा पेठेत एका ट्रस्टनं दिलेल्या तळमजल्यावरच्या खोलीत ते रुग्णसाहित्याचं केंद्र होतं. वॉकर, चाकाची खुर्ची, पाण्याची गादी, आणि हँडल फिरवलं की डोक्याकडून वर होणारे हॉस्पिटलचे पलंग. लागेल त्यानं न्यावं, काम झालं की परत आणून द्यावं. काम झालं म्हणजे नक्की काय झालं, ते परत आणणाऱ्याच्या चेहऱ्यावरच दिसायचं, म्हणून तात्याराव विचारायचे नाहीत. दारावर मात्र त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली होती : 'वस्तू धुऊन परत करावी. नळ तुमच्याही घरी असेलच.'

तर लोक विचारायचे. चांगले शिकलेसवरलेले, मोठ्या गाडीतून उतरलेले लोक दारात घुटमळायचे आणि हळूच म्हणायचे, "काका, कुणी गेलं नसेल असा पलंग द्या ना. आईच्या मनाला लागतं हो." तात्यारावांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली होती. खडकवासल्याचं पाणी कुठल्या कालव्याला किती सुटलं हे लिहिताना त्यांनी कधी एक थेंब इकडचा तिकडे केला नाही. ते चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "गेलेत की. पलंगानं नाही मारलं, आजारानं मारलं. तुमच्या घरात आजोबा-पणजोबा गेले असतील, म्हणून घर विकलंत का?"

झालं! माणूस तोंडात मारल्यासारखा गप्प. काही तर आल्या पावली परत जायचे.

मग मागे चादरींच्या घड्या घालत बसलेल्या हिराबाई, म्हणजे तात्यारावांची बायको, पदर खोचून पुढे यायच्या. "अहो, यांचं काय मनावर घेता? या पलंगावरून एक आजोबा उठले आणि आपल्या पायांनी चालत जोगेश्वरीच्या दर्शनाला गेले. न्या तुम्ही बिनधास्त." समोरचा मुसलमान असला की तेच आजोबा चालत दर्ग्यात जायचे, आणि आपल्यातला असला की विहारात. आजोबा कधी अस्तित्वातच नव्हते, पण त्यांनी पुण्यातले बरेच पलंग हलवले.

यावरून घरी जाताना रोज वाजायचं. "रोज वंदनेला पंचशील म्हणतेस ना? खोटं बोलणार नाही, हे चौथं आहे त्यात," तात्याराव म्हणायचे.

"पाठ आहे मला. पण त्या बाईला आज सासूच्या शेजारी निजायचंय. तिचा डोळा लागला पाहिजे, ते कितव्या शीलात बसतं तेवढं सांगा." यावर तात्याराव चालण्याचा वेग वाढवायचे.

मग हिराबाईच आजारी पडल्या. आधी नुसता कोरडा खोकला. मग जिना चढताना धाप. मग डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं सुकत चाललीत. वेलावर राहून गेलेलं घोसाळं आतून जाळीजाळीचं होतं ना, तशी. असं का होतं ते धड सांगता येत नाही, आणि झालं ते मागे फिरत नाही. बाई वर्षभरात इतक्या वाळल्या की पाटल्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. आडवं झालं की जीव कासावीस व्हायचा. शेवटी केंद्रातला एक पलंग मंगळवार पेठेतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आला. हिराबाईंनी तो प्रश्न काही विचारला नाही. कशाला विचारतील? त्यावर कोण कोण गेलं ते त्यांना नावानिशी माहीत होतं. फक्त पहिल्या दिवशी लोखंडी कठड्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "आता आजोबा कुठे चालत जातात बघू या." आणि हसता हसता त्यांना एवढी धाप लागली की तात्यारावांना हँडल फिरवून डोकं आणखी वर करावं लागलं.

गेल्या वर्षी गणपतीत, रस्त्यावर ढोल चालू असताना, त्या गेल्या. त्यांचा शेवटचा शब्दही त्या आवाजात तात्यारावांना ऐकू आला नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी आले, नातेवाईक जेवून गेले. पलंग मात्र परत गेला नाही.

स्वतःच लिहिलेला नियम होता : काम झाल्यावर वस्तू अडवून ठेवू नये. असं करणाऱ्या एका वकिलाला त्यांनी भर चौकात सुनावलं होतं. पण आता आपली आपल्याशीच टाळाटाळ सुरू झाली. धुवायचाय. रंग द्यायचाय. टेम्पो मिळत नाही. पुण्यात टेम्पो मिळत नाही! केंद्रात कुणी पलंग मागितला की ते म्हणायचे, "शिल्लक नाही." चौथ्या शीलाचं त्यांनी स्वतःपुरतं असं केलं.

थंडी पडायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. हिराबाई गेल्यापासून घरात त्यांना दुपार खायला उठायची, म्हणून सकाळी डबा घेऊन ते जे केंद्रात जायचे ते दिवेलागणीलाच परतायचे. निघताना पलंग आडवा करून ठेवायचे. रिकामा पलंग आडवाच असावा, हाही त्यांचाच नियम. त्या संध्याकाळी कुलूप उघडून ते आत आले, मधल्या खोलीतला दिवा लावला, आणि हातातली पिशवी खाली पडली.

पलंगाची डोक्याकडची बाजू वर उठलेली होती.

चादरीवर एक सुरकुती नाही. खिडकी बंद. सगळं जिथल्या तिथे. नुसतं डोकं वर आलेलं, हिराला दम लागला की करायचे नेमकं तेवढं. तात्याराव भिंतीला धरून उभे राहिले. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माणूस, अमावास्येला सोसायटीत लिंबू-मिरची टांगणाऱ्यांना उभं-आडवं घेणारा माणूस, पण अंगावर सरसरून काटा आला. बऱ्याच वेळानं त्यांनी अक्षताला फोन लावला. अक्षता त्यांची एकुलती एक मुलगी. खराडीला कंपनीत नोकरी, नवरा सौरभ, तिकडेच सासर. दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप, त्याची एक किल्ली तिच्याकडे असायची.

"तू आली होतीस का गं आज?"

"नाही बाबा. ऑफिसात होते. का?"

"काही नाही. सहज." त्यांनी फोन ठेवला, पलंग आडवा केला आणि न जेवता झोपले.

चार दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. आता याला काय म्हणायचं? तात्यारावांनी कादरला बोलावलं. कादरचं बुधवार पेठेत रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान. रेडिओ गेले, टेपही गेले, कादर मात्र तसाच बसून होता. केंद्रातल्या सगळ्या पलंगांना तेलपाणी करायचं काम तो वर्षानुवर्षं मैत्रीखातर करायचा. तो आला, पलंगाखाली शिरला, हँडल मागंपुढं केलं, तेल घातलं आणि हात पुसत बाहेर आला.

"आटे शाबूत आहेत, तात्या. हा फिरवल्याशिवाय फिरायचा नाही. शंभर वर्षं चालेल."

"मग वर कसा येतो?"

कादर खाली बसला. हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनींना आडवं निजवत नव्हतं ना? आणि तू रोज सकाळी पलंग आडवा करून जातोस. दम लागत असेल त्यांना."

"कादर, वेड्यासारखं काहीतरी बोलू नकोस."

"नाही बोलत." कादर चहा पिऊन गेला.

पण बोललेला शब्द घरात राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल फिरवताना तात्यारावांचा हात अडला. बिचारीला कशाला आडवं करायचं? मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता : आडवा केला नाही, तर ती येऊन गेली हे आपल्याला कळणार कसं? त्यांनी पलंग आडवा केला. बायकोचा जीव गुदमरत असेल असं वाटत असतानाही केला. माणूस प्रेमात किती स्वार्थी असतो बघा, मेलेल्यालाही सुखानं मरू देत नाही.

त्या दिवसापासून घराचं रूपच पालटलं. संध्याकाळी तात्याराव पिशवीसकट आधी मधल्या खोलीत जायचे. पलंग आडवा असला की तोंड एवढंसं व्हायचं. वर आलेला असला की जीव भांड्यात पडायचा. मग ते ताट घेऊन पलंगाशी स्टूल ओढायचे आणि दिवसभराचं सांगत बसायचे. आज कोण आलं, कोण काय म्हणालं, कुठल्या शहाण्यानं वॉकर चिखलासकट परत दिला. बाईसाहेब उत्तर देत नव्हत्या एवढंच, पण जिवंतपणी तरी त्या यांना एवढं सलग कुठे बोलू द्यायच्या! आमटी परत आमटीसारखी व्हायला लागली. दोन घास जास्त जायला लागले. भीती वाटायचीच. पाठीमागून कुणीतरी बघतंय असं वाटून मान ताठ व्हायची. पण ती भीती त्यांना हवीहवीशी झाली होती.

अक्षता रविवारी यायची. सोसायटीतली लिफ्ट बंद. तिच्यावर तात्यारावांचीच चिठ्ठी होती, 'लिफ्ट बंद आहे. चालू होती तेव्हाही भरवसा नव्हताच.' तीन मजले चढून आली की पोरगी दारातच चौकटीला धरून उभी राहायची, तोंड उघडं, कपाळाला घाम.

"सारखं खुर्चीत बसून काम करता तुम्ही लोक," तात्याराव म्हणायचे. "तुझ्या वयात मी पर्वती धावत चढायचो. व्यायाम कर जरा."

"करते," ती म्हणायची. मग त्यांच्याकडे निरखून बघायची. "बाबा, तब्येत सुधारली हो तुमची." हे म्हणताना तिचे डोळे भरून यायचे, आणि तात्यारावांना वाटायचं, आईची आठवण आली असेल.

उन्हाळा सुरू झाला आणि एके दिवशी केंद्राच्या दारात नसीमबानू येऊन उभी राहिली. कादरची बायको. चालत आली होती, उन्हानं लाल झाली होती. "तात्याभाऊ, पलंग पाहिजे. यांच्या हार्टचं पंपिंग कमी झालंय. पाय सुजून घागरीसारखे झालेत. आडवं पडलं की घुसमटतात. रात्र रात्र टेबलावर डोकं ठेवून बसतात हो."

तात्यारावांनी वही उघडून बघितल्यासारखं केलं. "सगळे बाहेर गेलेत, बाई. एकही शिल्लक नाही."

"तुमच्या घरी आहे ना एक?"

"तो... तो मोडलाय."

नसीमबानू त्यांच्याकडे बघतच राहिली. "मोडलाय? थंडीत यांनीच तर तेल घातलं त्याला. घरी येऊन मला म्हणाले, शंभर वर्षं चालेल." मग तिचा आवाज खाली आला. "वहिनींचा आहे म्हणून देववत नसेल तर तसं सांगा, भाऊ. मी नाही रागावणार. पण मोडलाय म्हणू नका. तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

ती गेली. तात्याराव शरमेनं पाणी पाणी झाले. यावर कुणी गेलंय का, हे तिनं विचारलं नव्हतं. तिला माहीत होतं कोण गेलंय, आणि तरी ती मागायला आली होती.

संध्याकाळी ते कादरकडे गेले. कादर खुर्चीत होता, पुढच्या टेबलावर उशी, उशीवर कपाळ. तीस वर्षांपासूनचा दोस्त असा शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा बसलेला बघून तात्यारावांना रडू फुटायचं बाकी राहिलं. कादरनं मान वर केली, श्वास गोळा केला आणि म्हणाला, "वहिनींना विचारलंस का?"

"विचारतो," तात्याराव म्हणाले.

आणि खरंच विचारलं. घरी येऊन स्टुलावर बसले आणि पलंगाला म्हणाले, "हिरा, कादरची अवस्था बघवत नाही. पलंग द्यायला पाहिजे. पण हा गेला तर तू कुठे येशील, ते मला कळत नाही. मी उद्या हा आडवा करून जातो. देऊ नका असं असेल तर वर कर. मी देणार नाही. कादर मेला तरी देणार नाही." बोलून गेले आणि स्वतःच दचकले. किती भयंकर बोललो आपण! पण शब्द मागे घेतले नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी दार उघडलं. पलंग आडवा होता. सकाळी ठेवला होता तसाच, पाटासारखा सपाट. हिरानं दिला होता. स्वतःचा श्वास कोंडून घेऊन दिला होता, असंच त्यांना वाटलं, आणि त्या आडव्या पलंगावर डोकं टेकून ते ओक्साबोक्शी रडले. मग तोंड धुऊन नसीमबानूला फोन केला. शुक्रवारी संध्याकाळी फैझलला टेम्पो घेऊन पाठव म्हणाले. फैझल म्हणजे कादरचा मुलगा.

शुक्रवारी फैझलला टेम्पो लवकर मिळाला. भर दुपारीच तो केंद्रावर हजर. "अंकल, आत्ताच जाऊ या का? अब्बूंना आज लई त्रास होतोय." तात्याराव त्याच्याबरोबर टेम्पोत बसून आले. "तू आणि ड्रायव्हर खालीच थांबा," ते म्हणाले. "चादर काढतो, मग हाक मारतो." खरं म्हणजे त्यांना निरोप घ्यायचा होता.

तिसऱ्या मजल्यावर पोचले, किल्ली कुलपात घातली आणि तिथेच थिजले.

आतून आवाज येत होता. कर्र... कर्र... थांबून, पुन्हा कर्र... हँडल फिरत होतं. बंद घरात, भर दुपारी, कुणीतरी दमादमानं हँडल फिरवत होतं.

आनंदानं तात्यारावांची छाती फुटेल की काय असं झालं. इतके महिने नुसती खूण दिसत होती. आज ती आत होती. दाराच्या पलीकडे होती. तिनं मन बदललं होतं. पलंग तिला हवा होता. खाली टेम्पोजवळ फैझल उभा आहे, कादर टेबलावर डोकं ठेवून बसलाय, सगळं सगळं डोक्यातून पुसून गेलं. किल्ली फिरता फिरेना. "नाही देत गं!" ते दारातूनच ओरडले. "हिरा, थांब, जाऊ नकोस! नाही देत मी पलंग, कुणाला नाही देत!"

दार उघडलं.

पलंगाच्या पायथ्याशी वाकून, एका हातानं हँडल धरून, अक्षता उभी होती. दुसरा हात छातीवर. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, जमिनीवर उघडा लॅपटॉप. तिचे खांदे श्वासाबरोबर वरखाली होत होते, अगदी हिराचे व्हायचे तसे.

"बाबा," ती म्हणाली. "मी आहे."

तात्यारावांनी किल्ली कुलपातून काढली. मग तात्याराव म्हणाले, "आजच आलीस?"

तिनं मान हलवली. "घरून काम असतं त्या दिवशी ऑफिसला जाते सांगून इथे येते. थंडीपासून."

"दर वेळी तूच?"

"दर वेळी." ती पलंगाच्या कडेला टेकली. एका वाक्याला दोन श्वास लागत होते. "पहिल्यांदा खाली करायचं विसरून गेले. तुमचा फोन आला, मी घाबरून नाही म्हणून टाकलं. पुढे दोनदा हँडल फिरवायला दमच उरला नाही. मग एकदा निघायला उशीर झाला. तुम्ही आलात तेव्हा मी बाथरूममध्ये होते. तुम्ही आईशी बोलत होतात. बाबा, तुम्ही हसत होतात. आमटी गरम करायला उठलात तशी मी गुपचूप निघून गेले. आई गेल्यावर तुम्हाला जेवताना मी पहिल्यांदा ऐकलं हो. मग मी मुद्दामच पलंग तसाच ठेवून जायला लागले."

ते ऐकत होते, पण त्यांना वेगळंच काहीतरी सुचत होतं, हळूहळू, नको नको म्हणताना. केंद्रात आलेल्या प्रत्येकाला ते विचारायचे तेच त्यांच्या तोंडून निघालं, "पण तुला हा पलंग कशाला लागतो?"

अक्षतानं खाली बघितलं. "आडवं झालं की खोकला सुटतो."

"अक्षू."

"आईचंच आहे, बाबा. तेच डॉक्टर. फोटोत तीच जाळी. घराण्यात येतं म्हणे कधीकधी." ती घाईनं पुढे बोलायला लागली, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना बोलायची तशी. "पण मला लवकर कळलंय. आईचं कळेपर्यंत उशीर झाला होता ना? गोळ्या चालू आहेत. त्यानं वेग कमी होतो. सौरभला माहितेय. त्याच्या आईला सांगितलेलं नाही, म्हणून घरी असं बसून राहता येत नाही मला, म्हणून मग इथे..."

"आणि मला सांगायचं नाही?" तात्याराव ओरडले. ओरडले म्हणजे तसं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात आवाज चिरकला नुसता. "बाप आहे ना मी तुझा? की तोही मेला?"

"आत्ता कुठे तुम्हाला दोन घास जायला लागले होते," ती म्हणाली.

तात्याराव मटकन खाली बसले. दर रविवारी ही दारात चौकटीला धरून उभी राहत होती आणि हे तिला पर्वतीच्या गप्पा सांगत होते. मेलेल्या बायकोचा श्वास ऐकायला कान लावून बसलेला माणूस, जित्या लेकीचा श्वास त्याला ऐकू आला नाही. आयुष्यभर ज्याच्या नावानं लोकांची टर उडवली ते भूत खरंच असतं तर किती बरं झालं असतं! हिरा रोज येऊन मानेवर बसली असती तरी चाललं असतं. रोज भ्यालो असतो. पण पलंग हिनं वर केलेला नको होता.

"अंकल!" जिन्यातून फैझलची हाक आली. "येऊ का वर?"

तात्याराव उठले, दाराशी गेले, आणि नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात मागून अक्षताची हाक आली, चिरकी पण ठणठणीत, "ये रे फैझल! पाना आण येताना, कठडे सोडवावे लागतील."

"अक्षू, तुला लागतो तो."

"नसीमचाचींनी सांगितलंय मला. कादरचाचांना टेबलावर झोपावं लागतंय. मला अजून उशा पुरतात." ती उठून चादर काढायला लागली. त्यांनी चादर तिच्या हातातून ओढून घेतली आणि स्वतः काढली.

पलंग गेला. कठडे आधी गेले, मग सांगाडा, वळणावर भिंतीला घासत, खाली. अर्ध्या तासानं नसीमबानूचा फोन आला की ते टेकून बसलेत आणि बसल्या बसल्या डोळा लागलाय. तात्याराव "बरं, बरं" एवढंच म्हणाले.

मधली खोली एकदम मोठी वाटायला लागली. फरशीवर पलंगाच्या पायांचे डाग तेवढे राहिले होते. तात्यारावांनी कपाटावरची गादी काढून भिंतीशी घातली. अक्षता काहीतरी म्हणत होती, कॅब बोलावते, सौरभ वाट बघत असेल. "आज इथेच राहायचं," ते म्हणाले. "उद्या डॉक्टरांकडे मी बरोबर येणार. सगळे फोटो मला बघायचेत." तिनं सौरभला मेसेज केला. मग त्यांनी घरातल्या उशा गोळा करायला सुरुवात केली. हिराचा आजार या घरानं उशांनीच मोजला होता. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, आणि तीन पुरेनात तेव्हा पलंग आला.

"किती लागतात?" त्यांनी विचारलं.

"दोन."

ते तसेच उभे राहिले, हातात उशा घेऊन.

"तीन," ती म्हणाली. आणि जरा थांबून, त्यांच्याकडे न बघता, "कधीकधी तीनही पुरत नाहीत."

त्यांनी सगळ्या उशा भिंतीशी रचल्या, वर शाल टाकली, तिला टेकवलं. तिनं डोळे मिटले, चेहरा जरा सैल पडला. तात्याराव शेजारी फरशीवर बसले आणि लगबगीनं बोलायला लागले, न बोललं तर काहीतरी कोसळेल असं. "पलंग उद्याच घेऊ. केंद्रातला नको. नवा. दुकानातून नवा कोरा आणू, ज्यावर कुणी..."

आणि त्यांनी वाक्य तिथेच तोडलं.

अक्षतानं एक डोळा उघडला. बाप कुणाच्या तोंडचं वाक्य बोलतोय ते तिला बरोबर कळलं होतं. लहानपणी शाळा सुटली की ती केंद्रातच बसून गृहपाठ करायची. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, अस्सल पेठेतलं, वाकडं.

"ज्यावर कुणी गेलेलं नाही, असा?" ती म्हणाली. "मग पहिली मीच की हो, बाबा."

आणि ती हसायला लागली. हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेना. तात्यारावांकडे आजवर प्रत्येकाला द्यायला उत्तर होतं. तिला पुढे घेऊन ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. फासळी न् फासळी हाताला लागत होती. पाठ घामेजलेली होती, गरम होती, आणि प्रत्येक खोकल्याबरोबर त्यांच्या तळव्याखाली जोरात हलत होती.